बिनठिणगीची मोटर

“नातवासाठी?” काउंटरवरच्या बाईने विचारलं.

“जावयासाठी.”

बाईने चष्म्यावरून पाहिलं. रिमोटच्या गाड्यांच्या त्या दुकानात साठीला टेकलेलं गिऱ्हाईक काही नवीन नव्हतं. नातवाचं नाव पुढे करून स्वतःच खेळणारे आजोबा तिने ढिगाने पाहिले होते. पण हा माणूस खांद्यावर दोरीचं वेटोळं घेऊन आला होता, आणि त्याच्या बुटांना असा वास होता की बॅटऱ्या बघणारं जोडपं हळूच बाहेर सटकलं.

“जावई रेस लावतात का?”

“जावई गटारात उतरतात. मी वर दोरी धरतो.” त्याने पिशवीतून मोठ्या चाकांची जुनी गाडी काढली. तिच्या पुढे लोखंडी पट्टीचा फाळ ठोकलेला होता. “हिची मोटर ठिणग्या मारते. आमच्याकडे ठिणगी चालत नाही. गॅसचा भडका उडतो.”

महापालिकेच्या गटार खात्यात त्याला सगळे दोरवाले मामा म्हणत. एकोणीस वर्षं त्याने लंबू नावाच्या जोडीदाराची दोरी धरली. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे ओढ. गेल्या वर्षी लंबूने एकही हिसका दिला नाही. त्याआधी गटाराच्या भोकातून गॅसचं मीटर खाली सोडून पाहिलं होतं, ते गप्प होतं. गॅस काय मीटरसमोर येऊन हजेरी लावणार आहे? तो आत पाइपात, गाळाखाली दबा धरून असतो आणि फावडं लागलं की वर येतो. मामाने दोरी ओढली तेव्हा ती फार जड लागली होती.

लंबूच्या रिकाम्या जागेवर मामानेच साहेबाच्या पाया पडून जावयाला चिकटवलं. नोकरी कायम होईल, लेकीचं भलं होईल. लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात, मामाने तो लेकीच्या पायावर मारला. पहिल्या दिवशी दोघांचे डबे भरताना ती म्हणाली, “दोरी तुमच्या हातात आहे बाबा, म्हणून पाठवते.” लंबूची दोरीही याच हातात होती, हे ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मामाच्या डोक्यात एकच होतं. माणसाआधी गाडी आत जाईल. पाठीवर मीटर घेऊन गाळ ढवळेल. मीटर वाजलं तर माणूस वरच राहील.

“साध्या मोटरमध्ये ब्रश घासतात, त्याची ती ठिणगी,” बाई म्हणाली. “ब्रशलेसमध्ये घासायला काही नसतंच. पण मामा, हमी देत नाही हं मी. वायर सुटली तर तिथेही ठिणगी पडेल. सगळं घट्ट डब्यात बंद करा.” तिने तीन मोटरी मांडल्या. “ही बघा, वाऱ्यासारखी पळते. पोरं हिच्यावर जीव टाकतात.”

“पळायचं कुठे? समोर गाळ आहे.”

तिने एकेक मोटर त्याच्या गाडीत बसवून दाखवली. मामाने गाडीला मागून दोरी बांधली, दुसरं टोक मुठीत धरलं आणि डोळे मिटले. पहिल्या मोटरने एकच हिसका दिला आणि चाकं जागीच गरगरली. दुसरी थरथरत, अडखळत निघाली. तिसऱ्या मोटरमध्ये तारेचे वेढे जास्त होते आणि चाल धिमी. दोरी सावकाश ताणत गेली, मध्ये थांबली नाही.

“हीच,” मामा डोळे न उघडता म्हणाला. “ही माणसासारखी जाते.”

बाईला हसू आलं होतं, ते त्याचा चेहरा पाहून विरलं. मोटरच्या डब्याच्या फटी तिने स्वतः बसून बुजवून दिल्या.

सोमवारी सकाळी तुंबलेल्या पाइपाशी सुपरवायझरने गाडी पाहिली आणि पोट धरून हसला. “दोरवाले, भातुकली नाही आणली का?” पण त्याने मीटर बांधू दिलं. गंमत फुकट मिळत असेल तर कोण नाही म्हणतो?

गाडी आत गेली. दोरीला पाच-पाच फुटांवर गाठी होत्या. मामा रिमोटचा खटका दाबून गाठी मोजत होता. सातवी गाठ बोटांतून गेली आणि खालून मीटर वाजायला लागलं. बारीक, चिरका, न थांबणारा आवाज. जावयाने मामाकडे पाहिलं.

मामाला रडूच यायचं बाकी होतं. मीटर एक वर्ष उशिरा वाजत होतं, पण वाजत होतं.

“ओलं झालंय मशीन, म्हणून बोंबलतंय,” सुपरवायझर म्हणाला. “ओढा वर.”

मामाने ओढली. गाडी कशात तरी अडकली होती, हलेना.

“झालं! आता ते मीटर आणायला तुमचा बाप जाणार? खात्याचा माल आहे. उतरवा जावयाला, मीटर काढेल आणि पाइपही मोकळा करेल.”

जावई मुकाट्याने कमरेला पट्टा बांधू लागला. मामाने दोरीचं टोक खांबाला बांधलं, आकडा उचलून लोखंडी झाकणात अडकवला, ते खरडत ओढलं, भोकावर पाडलं आणि त्यावर मांडी घालून बसला.

“उठा! लेखी नोटीस काढीन तुमच्यावर.”

“काढा.”

“मामा, उठा ना,” जावई वाकून कुजबुजला. “माझी कायम व्हायची फाइल यांच्याच टेबलावर आहे.”

“ठाऊक आहे. मीच नेऊन दिली होती.”

जावई दूर जाऊन खात्याच्या गाडीला टेकून उभा राहिला, पाठ करून. सुपरवायझरने बाहेरच्या ठेकेदाराला फोन लावला. झाकणाच्या छिद्रातून मीटरचा आवाज येत राहिला, दुपारी क्षीण झाला आणि मग बंद पडला.

“बघा,” सुपरवायझर म्हणाला. “थांबला. गेला गॅस.”

“बॅटरी गेली,” मामा म्हणाला. त्याचं कोणी ऐकलं नाही.

ऊन कललं तेव्हा ठेकेदाराचा टेम्पो आला. दोन अनोळखी माणसं उतरली. एकाच्या खांद्यावर दोरी होती. दुसरा तरुण होता, हातात फावडं, दाढी नुकतीच केलेली. तो जवळ आला आणि अदबीने म्हणाला, “मामा, जरा उठता का?”

मामाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्यामागच्या दोरवाल्याच्या हातांकडे पाहिलं.

“घरी कोण कोण असतं?” त्याने तरुणाला विचारलं, आणि झाकणावर थोडं सरकून त्याला बसायला जागा करून दिली.