पडलेल्या झाडापासून तीन पावलं

मी चावी बोलतेय. खिशात मावणारी नव्हे. पाच फूट लांब, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. जमिनीखालचे पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायचं माझं काम. मोडीत निघालेल्या नांगराच्या लोखंडातून मला घडवलं, म्हणून अंगानं जरा आडदांड आहे.

आमचं टॅलो क्रीक अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या दक्षिणेकडचं सहाशे वस्तीचं गाव. मेयर अर्लीन टेट यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि गावाचं ऑफिस म्हणजे त्यांच्याच काउंटरची मागची बाजू. मी तिथे खिळ्याला टांगलेली असते. दुकानात राहिलं की माणसं कळतात. खिळे घ्यायला आलेला माणूस खिळ्यांबद्दल एक मिनिट बोलतो आणि शेजाऱ्याबद्दल पाऊण तास.

माझा धनी हॉइट बकनर. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं गावाचं पाणी बघतोय. कुठला व्हॉल्व्ह कुठे, हे फक्त त्याच्या डोक्यात. विचारलं तर म्हणायचा, "पिकनचं झाड होतं ना, तिथून तीन पावलं दक्षिणेला." झाड वादळात पडून वीस वर्षं झालेली! पण आमच्याकडे पत्ता सांगायची रीतच ती. आता काय आहे ते कोणी सांगत नाही, आधी काय होतं ते सांगतात. परका माणूस दोनदा गावाबाहेर जाऊन येतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी चर्चसमोर पाइप फुटला. हॉइटने रस्त्यातलं एक झाकण उचलून मला आत घातलं, जोर लावून फिरवलं. व्हॉल्व्ह भलताच निघाला, वर गंजलेला, पुन्हा उघडेचना. गळती तशीच राहिली आणि वृद्धाश्रम दीड दिवस कोरडा पडला. तिथे बावीस म्हातारी माणसं. त्यातली एक लोरीन, हॉइटची बायको. ती त्याला कधी ओळखते, कधी नाही. पण तो रोज दुपारी जातो.

तपासनीस येऊन सांगून गेले, "पुन्हा पाणी गेलं तर आश्रम बंद." दुसरा आश्रम सत्तर मैलांवर. तेवढी हॉइटची गाडी चालत नाही, आणि हॉइटही.

पाइप बदलायला राज्याचं अनुदान होतं, पण अर्जासोबत नकाशा हवा. आमच्याकडे ना नकाशा, ना इंजिनियर. अर्लीनबाईंनी प्रादेशिक आयोगाला फोन केला. अकरा जिल्ह्यांमधल्या आमच्यासारख्या लहान गावांची कामं बघणारं ते ऑफिस. तिथून रेनिटा पूल आली, वरच्या टोकाला चकती असलेली, उपग्रहावरून जागा मोजणारी काठी घेऊन.

"आली अजून एक सरकारी बाई," हॉइट पुटपुटला. "चार कागद देईल, जेवून जाईल."

"तू तर कागदही देत नाहीस," अर्लीनबाई म्हणाल्या.

रेनिटा हसली. "काका, ते पिकन नेमकं कुठे होतं?"

हॉइटने रस्त्याकडे पाहिलं. या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. "इथेच... कुठेतरी." त्याने मला एका जागी टेकवलं, मग उचलून दुसऱ्या जागी टेकवलं. त्याला जागा आठवत नव्हती, हे फक्त मला कळलं. निदान मला तरी तसं वाटलं. पण रेनिटानेही ते ओळखलं असावं. ती अर्लीनबाईंकडे वळून म्हणाली, "शनिवारी सगळ्या जुन्या मंडळींना बोलवा."

शनिवारी सकाळी तीसेक माणसं रस्त्यावर जमली. जे आता नाही, त्याच्या जागी रेनिटाने एकेकाला उभं केलं.

"मिस ओडेसा, तुम्ही झाड व्हा."

"ऐंशीव्या वर्षी झाड? होते बाई. पण झाडाला खुर्ची द्या."

"न्हाव्याचं दार अजून डावीकडे!" कोणीतरी ओरडलं. "मी तिथे केस कापलेत."

"म्हणजे फार जुनी गोष्ट! तेव्हा तुला केस होते."

हॉइटने ओडेसाबाईंपासून तीन पावलं टाकली आणि मला जमिनीवर आपटलं. टण्ण! डांबराखाली झाकण होतं. रेनिटाने त्यावर काठी टेकवून जागा नोंदवली. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस व्हॉल्व्ह सापडले. सहा नाहीच सापडले, तेही तिने नकाशावर तसंच लिहिलं. मग अर्लीनबाईंसोबत बसून अर्ज भरला. मुदत संपायला दीड दिवस बाकी होता.

अनुदान मिळालं आणि यंदा नवे पाइप टाकले. नकाशा दुकानाच्या भिंतीवर आहे, शेजारी मी. तुमच्या गावातही पाण्याच्या वाटा एकाच डोक्यात असतील, तर ते डोकं शाबूत आहे तोवर चार माणसं रस्त्यावर उभी करा. आणि माझ्यासारखीला वर्षातून एकदा तरी प्रत्येक व्हॉल्व्हवर फिरवा. पडून राहिलं की लोखंड गंजतं, आणि ते धरणारा हातही.

गेल्या महिन्यात बाजाररस्त्यावरच्या उरलेल्या जुन्या पाइपला गळती लागली. हॉइटने नकाशा पाहिला, वर "मला माहीतच होतं" असंही म्हणाला. मला घातलं, अकरा वेढे दिले. तेवढ्याच रस्त्याचं पाणी बंद झालं. मग त्याने आश्रमात फोन लावला.

"पाणी आहे का?"

"आहे की," नर्स म्हणाली. "लोरीनचे केसच धुतेय. का हो, काय झालं?"

"काही नाही," हॉइट म्हणाला. फोन ठेवून त्याने मला गाडीत टाकलं आणि लोरीनचे केस वाळायच्या आत आश्रमाकडे निघाला.