दारावरची पट्टी

कर्ज थकलं की बँका घरं ताब्यात घेतात आणि विकायला काढतात. अशा घरांची यादी आम्ही दर शुक्रवारी छापतो. शहरात अशा याद्या आणखी पाच-सहा निघतात, पण त्यांतली निम्मी घरं आधीच विकली गेलेली असतात आणि काही पत्त्यांवर नुसतं मैदान सापडतं. आमची यादी चार पानांची आणि भाजीच्या जुडीच्या भावाची, पण तिच्यावर विसंबता येतं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती तयार होते. मालकांना सगळे काका म्हणतात.

प्रत्येक घरापुढे दोनपैकी एक शेरा असतो: ‘रिकामं’ किंवा ‘आत माणसं’. बँकेने कुलूप घातलं तरी लोक दुसरी किल्ली करून परत राहायला येतात, म्हणून हा शेरा महत्त्वाचा; त्यावरून किंमत कमी करायची मुभा बँकांनी काकांना दिलेली आहे. मी नोकरीला लागले तेव्हा तो खिडकीतून डोकावून ठरत असे. पदार्थविज्ञान शिकून आलेल्या मला ते बघवेना. मी दार आणि चौकट यांना जोडून, गुडघ्याच्या खाली, पातळ कागदाची बोटभर पट्टी चिकटवायला सुरुवात केली. दार उघडलं की ती फाटणारच. चार-चार दिवसांनी तीन फेऱ्या, आणि तिन्ही वेळा पट्टी शाबूत असेल तर घर रिकामं. एकशे बारा घरांत एकदाही चूक निघाली नव्हती. काका गिऱ्हाइकांना म्हणत, “आमच्याकडे शास्त्रीय पद्धत आहे,” आणि माझ्याकडे असे बघत, जणू मी हप्ते फिटलेलं यंत्र आहे.

ताई तिच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या खोलीत राहायला आली त्याला चार महिने झाले होते. नवऱ्याकडे परत जायचं नाही, हे तिने एकदाच सांगितलं. तिच्या मनगटाकडे पाहून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. घरमालकाने मात्र महिनाअखेरची मुदत दिली होती. “खोली एकटीला दिली होती, धर्मशाळा नाही उघडली.” दागिने मोडून ताईच्या हातात जे आलं होतं, त्यात बाजारभावाने एक भिंतही आली नसती. जप्तीचं लहानसं घर येत होतं.

नोकरांना यादी एक दिवस आधी बघायला मिळते. त्या गुरुवारी मी ताईला एक्केचाळीस नंबर दाखवला. गल्लीच्या टोकाला, दोन खोल्या, वर पाण्याची टाकी. पट्टी तिन्ही वेळा शाबूत.

“नक्की रिकामं आहे ना गं?” ताईने वाटेत तीनदा विचारलं.

“एकशे बारा घरं, ताई.”

“बरं बाई शास्त्रज्ञ, एकशे तेरावं बघू.”

गिऱ्हाइकाला घर दाखवण्यापुरती मिळणारी बँकेची किल्ली फिरवली, दार ढकललं. पट्टी फाटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आत खिडकीजवळ एक म्हातारे गृहस्थ शिलाई मशीनवर बसले होते. त्यांच्या ओठांत सुई होती. ती त्यांनी आधी काढून बाहीत खोचली.

“घाबरू नका,” ते म्हणाले. “चोर नाही मी. चोर मशीन घेऊन फिरतो का?”

ते शिंपी होते. कुलूप लागलं त्या दिवशी ते दोरे आणायला बाहेर गेले होते. परत आल्यावर मागे न्हाणीघराच्या खिडकीचे गज काढून ते आत शिरले, आणि तेव्हापासून येणं-जाणं तिथूनच. शेजारीण भिंतीवरून पाण्याची कळशी देत होती, गिऱ्हाइकं त्याच खिडकीतून कपडे देत होती.

“म्हणजे दाराला तुम्ही हातच लावला नाहीत,” मी म्हणाले.

“कसा लावणार? तुमचीच ना ती पट्टी? आतून दाराच्या फटीत, उजेडात दिसते. रोज सकाळी बघायचो.” ते थोडे हसले. “मला वाटलं, ती धड आहे तोवर माझ्या घरात कोणी आलेलं नाही. झाडू मारतानासुद्धा जपायचो हो.”

मी जे मोजत होते ते फक्त दाराचं हलणं होतं. घरात माणूस आहे की नाही, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

ताई मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. पोरीचा पलंग कुठे बसेल, हे तिने नजरेने मापून घेतलं होतं, मला कळत होतं. मग ती शिंप्यांकडे वळली.

“आजोबा, जायला कुठे आहे का तुम्हाला?”

“असतं तर गज काढले असते का, पोरी?”

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, “मला माणसासकट घर नको. एकदा तसंच मिळालं होतं.”

ऑफिसात मी ‘रिकामं’ खोडून ‘आत माणसं’ लिहिलं. मला वाटत होतं, निदान एवढं तरी त्या माणसासाठी करता आलं. काकांनी शेरा पाहिला आणि किंमत निम्मी केली.

“निम्मी का?”

“माणसासकट घर कोण घेतं? आपला गाडीवाला घेतो, घरं घेऊन विकणारा. तो यादीत तेवढाच शेरा शोधतो. चार गडी आणतो, अर्ध्या दिवसात घर मोकळं.”

“मग या आठवड्यात एक्केचाळीस गाळू या ना, काका.”

“गाळली की आपली यादी इतरांसारखी झाली.” ते चिडले नव्हते. “आणि किती गाळशील? आधीच्या घरांतली माणसं तू पाहिली नव्हतीस, म्हणून त्रास नव्हता.”

मी जागेवर बसले. यादी छापून झाली.

दोन आठवड्यांनी एक्केचाळीस नंबर परत आला, मूळ किमतीच्या दुप्पट भावाने. गाडीवाल्याला पक्का शेरा हवा होता, म्हणून काकांनी मलाच पाठवलं. दाराला नवा रंग होता. मी मागे जाऊन पाहिलं. न्हाणीघराची खिडकी विटांनी बुजवली होती, सिमेंट अजून ओलसर होतं. शेजारणीची कळशी भिंतीवर उपडी ठेवलेली होती. आजोबा कुठे गेले, ते तिलाही माहीत नव्हतं.

तिन्ही फेऱ्यांत पट्टी शाबूत राहिली. मी ‘रिकामं’ लिहिलं. या वेळी ते खरं होतं.

त्या संध्याकाळी ताईने यादीतला किमतीचा आकडा बघितला. मग तिने पान नीट पसरलं, त्यात दोन कपबश्या गुंडाळल्या आणि पेटीत ठेवल्या. महिना संपायला दोन दिवस होते.