ताईची तारीख

आमच्या सभागृहाचं सहा महिन्यांचं वेळापत्रक मी लावते. कोणती संध्याकाळ कुणाला, हे तक्त्यावर लिहायचं आणि समितीपुढे ठेवायचं. आम्हा समितीतल्या कुणाच्या नातलगाचा कार्यक्रम असेल, तर तो सगळ्यांच्या मागून लावायचा, हा नियम मीच सुचवलेला. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही होता.

यंदा ताईने अर्ज दिला. माझी सख्खी थोरली बहीण. चाळीस वर्षं स्वयंपाकघरात गायली. रंगमंचावर एकदाही नाही.

"दुसऱ्या महिन्यातली दे ना गं. लवकर झालेलं बरं."

"ताई, तुझा नंबर शेवटी. सहाव्या महिन्यात."

"घरची बहीण तिथे बसलीय आणि आमचा वशिला नाही! कमाल आहे बाई." ती हसली, जराशी खाकरली आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या महिन्यात एक संध्याकाळ रिकामी होती. ती मी एका जादूगाराला दिली. तक्ता बघून व्यवस्थापक म्हणाले, "सख्खी आहात ना, की सावत्र?" सगळे हसले. मीही.

चौथ्या महिन्यात भावोजींचा फोन आला. ताईच्या घशात गाठ होती. उद्या सकाळी शस्त्रक्रिया, तिला दवाखान्यात दाखलही केलं होतं. आवाज राहील याची डॉक्टर खात्री देत नव्हते.

"कधीपासून माहीत होतं?"

"अर्ज दिला त्याच्या आधीपासून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मी म्हटलं तिला, सांगून टाक. तर म्हणाली, धाकटीला नियम मोडावा लागेल, मग ती देवापुढे बसून रडत राहील."

गाठ निघाली. आवाजही गेला.

पंधरा दिवसांनी तिच्याकडे गेले. उशीला टेकून बसली होती. मी काही बोलायच्या आत तिने वही ओढली आणि लिहिलं, "माझी संध्याकाळ रिकामी ठेवू नकोस. वाईट दिसेल."

"कुणाला देऊ?"

"रांगेत असेल त्याला. नियमाने." ते लिहून ती माझ्याकडे बघून हसली. तिचे खांदे हलले, पण हसण्याचा आवाज आला नाही. मी तिचे पाय चेपत बसले, मान वर केली नाही.

रांगेत एक हौशी नाटकमंडळी होती. त्यांच्या दिग्दर्शकाला मी फोन लावला.

"काय सांगता! नशीबच उघडलं आमचं. पण तारीख सुटली कशी?"

"गाण्याचा कार्यक्रम होता. रद्द झाला."

"कुणाचा हो?"

"नवीन गायिका होत्या. पहिलीच वेळ."

"अरेरे. मग पुढच्या खेपेला त्यांना आधी द्या हं."

"हो," मी म्हटलं, आणि त्यांना तारीख सांगितली.