टाकून दिलेलं माप

दगडाची भुकटी पापणीवर बसते ती आधी केसांच्या मुळाशी. टोकं काळीच राहतात. नुसतं तोंड धुतलं तर गाल आणि कपाळ स्वच्छ होतं, पण मुळाशी एक बारीक पांढरी रेघ उरते. ती काढायला ओल्या फडक्याचं टोक पिळून, डोळा मिटून, नाकाकडून कानाकडे हळूच फिरवावं लागतं. दगड कापणाऱ्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. शेडच्या मागच्या नळावर, भिंतीत बसवलेल्या आरशाच्या तुकड्यासमोर, त्याचं तोच शिकला होता. घरी पांढरं तोंड न्यायचं नाही, एवढाच त्यामागचा हट्ट.

शेडमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी फरशा कापत. खरं तर धूळ उडू नये म्हणून यंत्राचं पातं फिरताना त्यावर पाण्याची धार हवी. पण पाण्याने पेन्सिलची खूण पुसते आणि माल वाळेपर्यंत खोळंबा होतो, म्हणून नळी खुंटीला टांगलेली असे आणि काम कोरडंच चाले.

"काय रे, थोरल्याला कधी आणतोस?" मालक जाता-येता विचारत. "हात चांगला असणार पोराचा. तुझाच ना."

"बघू," तो म्हणे.

"बघू, बघू. चष्मा लागेल बघून बघून."

तो हसे, आणि हसण्याचा शेवट खोकल्यात होई. गेल्या वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, की आत गेलेली धूळ बाहेर निघत नाही. आणखी जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे. घरी आल्यावर बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काही नाही गं, खोकल्याचं औषध दिलंय." शाळेची शेवटची परीक्षा झाली की थोरला शेडवर जाणार, हे घरात कधीच ठरून गेलं होतं. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. ते सांगितलं असतं तर त्याला स्वतःलाही घरी बसवलं असतं, आणि मग चूल कशावर पेटणार? म्हणून तो बघू म्हणत राहिला.

शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. धाकटी पाच लिटरचा रिकामा कॅन, रबरी नळी आणि आईची नेलपॉलिश घेऊन मोरीत बसली. ती त्या वर्षी सातवीत गेली होती.

"बाईंनी आकारमान शिकवलंय. घरातल्या सगळ्यांचा श्वास मोजून आणायचाय."

"आणि श्वास मोजून काय, बाजारात विकायचाय?" आई म्हणाली.

धाकटीने कॅनमध्ये एकेक लिटर पाणी ओतून बाहेरून रेघा मारल्या होत्या. मग तो काठोकाठ भरून टबातल्या पाण्यात उलटा धरला आणि नळीचं टोक आत सरकवलं. एका दमात फुंकायचं. हवा वर चढते आणि तेवढं पाणी खाली उतरतं. थोरल्याचे चार लिटरच्या वर भरले. आईचे तीनला थोडे कमी. मग बाबांची पाळी आली. त्याने छाती भरून घेतली, म्हणजे भरेल तेवढी, आणि फुंकलं. पाणी जरासं उतरलं आणि थांबलं.

"आईपेक्षा कमी!" धाकटी खिदळली. "बाबा, नीट फुंक ना! मस्करी नको. हे माप चुकलं, मी धरत नाही."

"बरं, मास्तरीणबाई. पुन्हा."

दुसऱ्या खेपेला दम संपत आला तेव्हा त्याने जिभेने नळीचं तोंड दाबलं, नाकाने गुपचूप श्वास ओढला आणि पुन्हा फुंकलं. धाकटीचं सगळं लक्ष पाण्यावर होतं. बापाच्या नाकाकडे कोण बघतं? साडेतीन भरले. तिने तिथे लाल रेघ ओढून शेजारी 'बाबा' असं लिहिलं. त्याला वाटलं, चला, सुटलो.

पण बाईंनी तो प्रयोग वर्षभर चालवायचं ठरवलं होतं. दर महिन्याला माप घ्यायचं. पुढे सरासरीचा धडा आला, तेव्हा एकदा फुंकून भागेना.

"तीनदा," धाकटी म्हणाली. "बेरीज करून तीनने भागायचं."

"तुझी शाळा आणि माझी परीक्षा!"

तीनदा चोरी करणं सोपं नव्हतं. तिसऱ्या खेपेनंतर तो मोरीच्या उंबऱ्यावर बसून इतका खोकला, की थोरला पाणी घेऊन धावला.

"बाबा, मी शेडवर आलो की तू जड फरशा उचलू नकोस," थोरला पाठ चोळत म्हणाला. "नुसता हुकूम सोड."

त्याने पेला तोंडाला लावला. मान हलली नसती तरी चाललं असतं, पण ती होकारार्थी हलली.

मग आलेख आले. धाकटीने चौकटीच्या कागदावर सगळ्यांच्या रेषा काढून दाराला चिकटवल्या. थोरल्याची रेषा चढत होती. सर्दी झाली त्या महिन्यात खाली येऊन पुन्हा वर गेली होती. आईची थोडी वर, थोडी खाली. बाबांची मात्र पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ. कॅनवर लाल रेघ समोरच होती ना. पाणी तिथे टेकलं की तो थांबे. येता-जाता त्या रेषेकडे बघून त्यालाही बरं वाटायला लागलं होतं. कधीकधी तर तिच्यावर विश्वासही बसे.

फुप्फुसांचा धडा वर्षाच्या शेवटी होता. त्या आठवड्यात धाकटी गप्प गप्प झाली. जेवताना बापाच्या छातीकडे बघे आणि त्याने वर पाहिलं की पानात बघे.

थोरल्याची परीक्षा आटोपली. त्याने दुसऱ्या दिवसापासून शेडवर जायचं असं ठरलं, तेही मालकांनी आणि बायकोनेच ठरवलं, भाजीच्या दुकानात भेटले तेव्हा. संध्याकाळी बायकोने नवऱ्याचा जुना कामाचा शर्ट काढला आणि थोरल्याच्या मापाने बाह्या उसवायला बसली. तेवढ्यात धाकटीने टब भरला.

"शेवटचं माप," ती म्हणाली. तिच्या हातात दोरीवरचा कपड्यांचा चिमटा होता.

"हे कशाला?"

"नाकाला."

"अगं, बापाला वाळत घालतेस की काय?" आई हसली.

धाकटी हसली नाही. "मी वर्गात आलेख दाखवला. बाई म्हणाल्या, खरं माप दर वेळी अगदी तेवढंच येत नाही. थोडं इकडेतिकडे होतंच. सगळ्यांचं होतं. फक्त बाबांचं होत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "मग मी मागच्या महिन्यात पाण्याकडे बघितलंच नाही. बाबाकडे बघितलं."

नको म्हणता आलं असतं. दमलोय म्हणता आलं असतं. पण तिने चिमटा इतक्या जपून लावला, कातडी ओढली जाऊ नये म्हणून आधी बोटाने चाचपून, की तो हललाच नाही. त्याने छाती भरली, डोळे मिटले आणि फुंकलं.

बुडबुड्यांचा आवाज लगेच बंद झाला. त्याने डोळे उघडले. पाणी लाल रेघेपासून दूर, वरच अडकलं होतं. दोन लिटरसुद्धा भरले नव्हते.

"पुन्हा कर," थोरला घाईने म्हणाला. "सर्दी असेल त्याला."

"सर्दी नाही," धाकटी म्हणाली. तिने कॅन अजून तसाच धरला होता. "पहिल्या दिवशी पण असंच आलं होतं. याच्यापेक्षा थोडं जास्त. मी चूक म्हणून टाकून दिलं. तेच खरं होतं ना, बाबा?"

बायकोचा हात बाहीवरच थांबला. "काय खरं? अहो, ही काय बोलतेय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना काही नाही म्हणून?"

"त्या नव्हत्या म्हणाल्या," तो म्हणाला. "मी म्हणालो होतो."

चिमटा अजून नाकावर होता, त्यामुळे त्याचा आवाज भलताच आला, एखाद्या नकलाकारासारखा. कुणी हसलं नाही. त्याने चिमटा काढला आणि धाकटीच्या हातात दिला. मग बायकोच्या मांडीवरचा शर्ट उचलला. धुऊन धुऊन विरला होता, तरी शिवणीत पांढरं दिसत होतं. त्याने त्याची घडी घातली आणि ती स्वतःच्या काखेत धरली. थोरला त्याच्याकडे बघत उभा होता. बापापेक्षा बोटभर उंच, छाती रुंद, श्वास अख्खा.

सांगायचं होतं ते एका दमात होणार नव्हतं. त्याने आधी श्वास घेतला.

"उद्या तू शेडवर यायचं नाहीस," तो म्हणाला, आणि थांबून आणखी एक श्वास घेतला. "कधीच यायचं नाहीस."