पांढरा चौक

इंदुबाईंनी ट्रंक पुढे सरकवली तेव्हा क्षितिजाने आधी तिला नमस्कार केला. जुन्या कागदांना हात लावण्यापूर्वी नमस्कार करायचा ही तिची सवय. संग्रहालयातले सहकारी हसायचे, हसू देत. कीर्तनाला बसणाऱ्याला ठाऊक असतं, बुवासुद्धा पाया पडल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

मुर्धा गावातल्या या खाडीकाठच्या घरी ती हरिश्चंद्र पाटलांचे कागद न्यायला आली होती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी या मिठागरवाल्याने बांबू, कापड आणि सायकलची चाकं जोडून विमान बांधलं होतं. इंदुबाई त्याची नात. वय ब्याऐंशी, आणि गेल्या दिवाळीपासून दोन्ही डोळ्यांपुढे काळोख.

"सगला ने," इंदुबाई म्हणाल्या. "पन पयले सांग, माजा धाकला आजा कुठं हाय? मरायच्या आदी मना तेवरा कलायला पायजे."

धाकला आजा म्हणजे हरिश्चंद्राचा भाऊ बाळा. विमान घेऊन तोच वर गेला होता, वयाच्या विसाव्या वर्षी. तो खाली आलाच नाही. प्रेत नाही, बांबूचा तुकडा नाही. अशा माणसाचं दर्भाचं प्रेत करून जाळतात. हरिश्चंद्राने तेही होऊ दिलं नाही.

नकाशे, पंखांची चित्रं बाजूला ठेवता ठेवता क्षितिजाला न धाडलेलं एक पत्र सापडलं. तिने मोठ्याने वाचलं.

"बाळाला सांगितलं होतं, काळ्या चिखलावर पांढरा चौक दिसेल तिथेच उतर. मी स्वतः मीठ पसरलं होतं. तो वर गेला आणि वसईकडून ढग आला. ढग दिसला की मिठागरावरचा माणूस दुसरं काय बोलतो? माझ्या तोंडून निघून गेलं, मीठ झाका! गड्यांनी चौक खरडून ढीग केला, वर गवत टाकलं. बाळा तीनदा डोक्यावरून फिरला. खाली बघत होता."

इंदुबाईंनी पदराचं टोक चुरगाळलं.

"मंजे जागा सोधीत होता तो," त्या म्हणाल्या.

तळाशी वाऱ्याच्या वह्या होत्या. रोज तिन्हीसांजेला एक ओळ: 'वारा पश्चिम. बाळा वर.' आधी हरिश्चंद्राचं अक्षर, मग त्याच्या मुलाचं, मग इंदुबाईंचं मोठं, शाळेतलं अक्षर.

"आजी, दिवाळीनंतर कोण लिहितंय?"

"कोन लिवनार? तवापासून वही ट्रंकेत. कुलूप तूच तेल घालून उघरलास ना?"

क्षितिजाने पान त्यांच्यापुढे धरलं आणि मग आठवलं, आजींना दिसत नाही. कालपर्यंतची पानं भरलेली होती. अक्षर बारीक, तिरकं, जुन्या वळणाचं. आणि मजकूर खालून वर बघणाऱ्याचा नव्हता.

"वारा पश्चिम. मीठ दिसत नाही."

"वारा उत्तर. खाली इमारती, टाक्या, पत्रे. मीठ दिसत नाही."

कालची ओळ तिने बोट ठेवून मोठ्याने वाचली. "दादा, हात भरून आले."

इंदुबाई भिंत धरून उठल्या. "जा गो बाय, धर्मेशच्या दुकानातून मीठ आन. जेवरा असंल तेवरा."

धर्मेशने वजनकाट्यावरून मान वर केली. "नमक? कितना?"

"जितना है सब."

"पूरे मुर्धा का अचार आप ही डालोगे क्या, दीदी?" तो हसला, पण तिचा चेहरा पाहून त्याने पोती गुपचूप स्कूटरवर चढवली.

दिवेलागणीला क्षितिजाने गच्चीवर खडेमीठ पसरलं, हातांनी कडा सरळ केल्या. इंदुबाई कोपऱ्यात बसून विठ्ठल विठ्ठल म्हणत होत्या. क्षितिजाही नकळत त्यांच्या सुरात मिसळली. भजनात असतो तसा धीर काही येईना.

मग खाडीपलीकडून ढग आला. चार टपोरे थेंब मिठावर पडले, तिथे खड्डे पडले.

"आजी, मीठ विरघळतंय." तिचा हात ताडपत्रीकडे गेला.

"हात नको लावू!" म्हातारी ओरडली. "एकदा झाकला तेवरा बस झाला."

वर कापड फडफडलं. दोरीवरच्या साडीसारखं नव्हे. ओलं, जड, पुष्कळ कापड. बांबू करकरले. क्षितिजाने मान खाली घातली, डोळे घट्ट मिटले.

मीठ चिरडल्याचा आवाज झाला. एक पाऊल. थांबून दुसरं.

"आलास बाबा?" इंदुबाई म्हणाल्या.

क्षितिजाने डोळे किलकिले केले. तिला फक्त आजी दिसल्या. त्यांचा हात हवेत पुढे झाला आणि एखाद्याच्या गालावर ठेवावा तसा थांबला. बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

"पोरगा हाय गो हा," ब्याऐंशी वर्षांची इंदुबाई म्हणाली. "पाक गारठलाय. जा, पानी तापव."

क्षितिजा मागे न बघता जिना उतरली आणि गॅस पेटवून तिने सर्वांत मोठं पातेलं चढवलं.