मंगलीबाईचं पुसलेलं बोलणं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, चंद्रपूरकडच्या मूल गावातल्या खुशाल सरांचा. माझी गोष्ट सांगताना मान खाली जाते, पण ती सांगायला हवी.

कारखान्यात जुळणी झाली तेव्हा मला दोन कामं मिळाली. ऐकलेलं जपायचं आणि बटण दाबलं तर पुसायचं. दुसऱ्या कामाकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही.

सर विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना आकाशातल्या अनोळखी दिव्यांचा ध्यास लागला. जंगलावर उजेड दिसल्याचं कानावर आलं की मला पिशवीत घालून ते एसटीने निघत. मोहफुलं वेचणारी माणसं कामं टाकून माझ्यासमोर बसत. "सरचा डब्बा सारं आयकते," म्हणत. मी फुशारून जाई.

मग गुणवंतराव आले. आपण सरकारी माणूस, एवढंच त्यांनी सांगितलं. खातं सांगितलं नाही. वीस वर्षांपूर्वीचे म्हणून त्यांनी शिक्के मारलेले 'गुप्त' कागद सरांपुढे ठेवले. जंगलावरचे दिवे परग्रहावरच्या यानांचे आहेत, असं त्यांत लिहिलं होतं. "सर, वरती तुमच्या कामाची दखल आहे," ते म्हणाले. लोकांनी आजवर वेडे ठरवलेले सर त्या दिवशी आनंदाच्या भरात जेवायचंसुद्धा विसरले.

पुढे कुरखेड्याकडच्या एका गावात मंगलीबाईच्या खळ्यावर काहीतरी जळतं कोसळलं. तिचा पाय भाजला. ती माझ्यासमोर बसून स्पष्ट बोलली, "पयले उजेड दिसला. मंग ते पडलं. चार पंखे होते त्याले, आकडे लिवले होते. जीपवाले आले अन् तुकडे घेऊन गेले. सरकारचीच मशीन होती जी ते."

गुणवंतरावांनी टेप ऐकली. "उजेडाचं ठेवा, पुढचं काढा. मग आणखी कागद देतो."

सरांचं बोट बटणावर थांबलं. आणि मग त्यांनी ते दाबलं. मी मुकाट्याने फिरत राहिलो, मंगलीबाईचे शब्द पुसत राहिलो.

चंद्रपूरच्या सभेत उरलेली टेप वाजली, टाळ्या पडल्या. पेपरात 'उडती तबकडी' आली. मंगलीबाई भाजल्या पायाने भरपाईचा अर्ज घेऊन तहसील कचेरीत गेली, तर कारकुनाने तेच कात्रण दाखवलं. "तबकडीवर केस करतेस काय बाई?" गावातली पोरंही तिला तबकडीवाली म्हणू लागली.

कागदांतली खोट सत्यशीलाबाईंनी, सरांच्या पत्नीने, पकडली. "अवं, ही चूक तं तुमचीच हाये!" तीन वर्षांपूर्वी सरांनी काढलेल्या पुस्तिकेत जिवतीकडच्या एका पाड्याचं नाव चुकलं होतं. वीस वर्षांपूर्वीच्या कागदात नेमकं तेच चुकलेलं नाव होतं. सरांचीच पुस्तिका समोर ठेवून कागद रचले होते.

सरांनी फोन लावला. "तुम्हालाच हवं होतं ना, सर?" एवढं बोलून गुणवंतरावांनी तो ठेवला.

"त्याह्यले मशीन लपवाची होती," सर पत्नीला म्हणाले. "अन् पांघरूण मी घातलं."

ते मला घेऊन मंगलीबाईकडे गेले. सगळं कबूल केलं.

"सायबायनं नाई आयकलं, त्याचं काई नाई," ती म्हणाली. "तुमी तं आयकलं होतं, सर."

सरांनी मला पुढे केलं. "आणखी एकदा सांगता का, बाई?"

"त्या डब्ब्याले नाई सांगत आता. तुमीच चला अन् तुमच्या तोंडानं सांगा."

दुसऱ्या दिवशी सर त्याच कारकुनापुढे उभे राहिले. "मी फसलो. या बाईचं बोलणं मीच पुसलं. लिहून घ्या." अर्ज घेतला गेला. चौकशीला अजून कुणी आलेलं नाही. सरांना आता सभांना कुणी बोलावत नाही, आणि ते दर आठवड्याला तिच्यासोबत कचेरीत जातात.

मित्रांनो, माझी बटणं गंजली आहेत. ती दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. फक्त कुणी विश्वासाने तुमच्याजवळ बोललं, तर त्यातलं तुम्हाला नको असलेलंही सांभाळा. माझ्या टेपवर तिच्या आवाजाच्या जागी आता नुसती खरखर आहे, आणि ती माझी आहे.