गाळलेली पानं

सासूबाईंची नजर गेली आणि वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी दिवसभर दातांच्या दवाखान्यात उभं राहून लोकांच्या तोंडात नळी धरते. घरी येईपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असतात. चहाचा कप खाली ठेवते न ठेवते तोच आतून हाक यायची, "आलीस का गं? काल कुठवर आलो होतो?"

आणि वाचायचं कुणाचं, तर त्यांच्या लाडक्या लेखिकाबाईंचंच. दुसरं कुणी चालायचं नाही. सासरे गेले तेव्हा या बाईंची एक कादंबरी वाचून सासूबाईंनी बेचाळिसाव्या वर्षी टायपिंग शिकून नोकरी धरली, माझ्या नवऱ्याला एकटीने वाढवलं. "मला नातेवाइकांनी नाही, हिने उभं केलं," असं त्या नातेवाइकांनाच ऐकवायच्या. मला मात्र ही बाई भयंकर कंटाळवाणी वाटायची.

यंदा बाईंची नवी कादंबरी आली, साडेतीनशे पानांची. मी सरळ पानं गाळायला लागले. खिडकीचं वर्णन दीड पान? गाळ. नायिका विचार करतेय, तीन पानं? करू दे, आपल्याला काय! महिन्याभराचं वाचन नऊ दिवसांत उरकलं आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

शेवटचं पान संपलं तसं सासूबाईंनी पुस्तक माझ्या हातून घेऊन मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "दमली गं बिचारी. माणसं नुसती येतात नि जातात. पूर्वी एकेकापाशी किती थांबायची!" त्यांचे डोळे भरून आले होते. "कागद घे. लिहूया तिला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तोंडच उघडेना. त्या सांगत गेल्या आणि मी मुकाट्याने लिहीत गेले: 'तुम्ही मला पुष्कळ दिलंत. या पुस्तकात हात थकलेला जाणवला. आता थांबलात तरी माया कमी होणार नाही.' म्हटलं, बाईंना ढीगभर पत्रं येत असतील, कोण वाचतंय! पेटीतही मीच टाकलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या, केसांवरून हात फिरवला, जणू बाई स्वतःच दारात आल्या होत्या. मी वाचायला लागले.

'सगळे तोंडावर गोड बोलतात. खरं सांगणाऱ्या तुम्हीच निघालात. पुढच्या पुस्तकाची दोनशे पानं झाली होती, ती बांधून ठेवली. प्रकाशकांना नाही म्हणून कळवलं. त्यामुळे हलकं वाटतंय असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही.'

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! मी कोण तिला थांब म्हणणारी? जिच्या जिवावर उभी राहिले, तिलाच खाली बसवलं गं मी!"

त्या स्वतःला दोष देत होत्या आणि मी समोर धडधाकट बसले होते. मला माझीच किळस आली.

"तुम्ही नाही, आई," मी म्हटलं. "मी पानं गाळत होते."

"किती?"

"निम्म्याहून जास्त."

त्या ओरडल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर परवडलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पत्रावर फोन नंबर आहे?"

"आहे."

"लाव."

"आई, तुम्ही बोला ना. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"मी काय बोलू? मी कुठे वाचलंय ते पुस्तक?"

मी फोन लावला. पलीकडून बारीक, थकलेला आवाज आला, "कोण बोलतंय?"

"ते पत्र... तुमच्या कादंबरीबद्दल... ते मी लिहिलं होतं."

"अगं बाई, तुम्ही!" आवाज एकदम खुलला. "फोन केलात, फार बरं झालं हो. इतकं मन लावून मला आजवर कुणी वाचलंच नव्हतं."